फ्लाइट रद्द झाली, व्हिसावरचे तीन दिवस संपले. पुढच्या शेंगेन अर्जात हे कसं मांडू?

तंबोरा

नमस्कार मंडळी. मार्चमध्ये व्हिएन्नाला रेडिऑलॉजीची युरोपीय परिषद असते. तिथे आमच्या विभागाचं पोस्टर मंजूर झालंय आणि ते मांडायला मला जायचं आहे. मी मूळची मिरजेची, सध्या मँचेस्टरला रेडिओग्राफर, पासपोर्ट भारतीय. ऑस्ट्रियाच्या व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या शेंगेनचा, अर्ज भरायला घेतला आणि 2025 च्या जानेवारीतल्या प्रागच्या शिक्क्यांपाशी येऊन थांबले आहे. ज्यांना नियम माहीत आहेत किंवा ज्यांच्यावर अशी वेळ आली आहे त्यांनी कृपया सांगा. सविस्तर लिहिते, कारण यात बारकाव्यांवरच सगळं आहे.

3 जानेवारी, शुक्रवारी आम्ही चौघं प्रागला गेलो. मी, लीड्सला पीएचडी करणारी माझी जुनी रूममेट आणि इथल्या मंडळातले दादा-वहिनी. दादा-वहिनींना ब्रिटिश पासपोर्ट मिळून बरीच वर्षं झाली, त्यामुळे त्यांना व्हिसाचा प्रश्न नाही. रूममेटकडे वर्षभराचा, कितीही वेळा ये-जा करता येईल असा शेंगेन होता. माझा पहिलाच शेंगेन. त्यावर वैधता 3 ते 20 जानेवारी, एकच प्रवेश, आणि मुक्कामाच्या दिवसांच्या रकान्यात 03. परतीची फ्लाइट रविवारी रात्री साडेआठची होती, म्हणजे शुक्रवार, शनिवार, रविवार असे तीन दिवस बरोबर बसत होते.

प्राग मला फार आवडलं, हे लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. 1410 सालापासून तिथल्या जुन्या चौकात ते खगोलीय घड्याळ आहे. ठोका पडायची वेळ झाली की सांगाडा घंटेची दोरी ओढतो आणि वरच्या खिडक्यांतून येशूचे शिष्य फिरत जातात. वहिनी दर तासाला आम्हाला तिथे ओढून नेत होत्या. योसेफोवमधल्या ज्यू दफनभूमीत मात्र चौघंही गप्प झालो. जागा अपुरी पडली म्हणून शतकानुशतकं थरावर थर रचत माणसं पुरली आहेत, आणि वरचे दगड एकमेकांवर रेलून उभे आहेत. मला तिथून निघवेना.

रविवारी सकाळी फोनवर बातम्या येऊ लागल्या. उत्तर इंग्लंडमध्ये जोरदार बर्फ पडला होता. मँचेस्टर, लिव्हरपूल, लीड्स-ब्रॅडफर्ड, तिन्हीकडच्या धावपट्ट्या सकाळी बंद ठेवल्या होत्या. नंतर मँचेस्टर सुरू झालं आणि आमची फ्लाइट वेळेवर दिसत होती. वेलेस्लावीनहून 59 नंबरच्या ट्रॉलीबसने आम्ही विमानतळावर पोचलो. ब्रिटनच्या फ्लाइट टर्मिनल 1 वरून सुटतात. तिथे पासपोर्ट तपासून माझ्या पासपोर्टवर बाहेर पडल्याचा शिक्का बसला, तारीख 5 जानेवारी. म्हणजे माझ्या बाजूने सगळं वेळेत होतं.

मग बोर्डावर साडेआठचे पावणेदहा झाले, पावणेदहाचे साडेदहा. विमान आलं. काचेतून समोर उभं दिसत होतं, उतरलेली माणसंही निघून गेली. लोक रांगेत उभे राहिले आणि तेवढ्यात घोषणा झाली, वैमानिकांची कामाची वेळ संपली, फ्लाइट रद्द. मागच्या ओळीत एक बाई तान्हं बाळ घेऊन उभी होती, ती मटकन खालीच बसली.

काउंटरवर पोचलो तेव्हा तिथल्या मुलीने आधी दुसऱ्या दिवशी सकाळचा डब्लिनमार्गे रस्ता सुचवला, दोन वेगळ्या तिकिटांवर. दादा-वहिनींनी तो घेतला. आमचे पासपोर्ट बघितल्यावर तिने मान हलवली. डब्लिनला उतरून पुन्हा चेक-इन करायचं म्हणजे आयर्लंडचा व्हिसा हवा, आणि ब्रिटनमध्ये राहतो म्हणून तो माफ होत नाही. तिने बुधवारची थेट फ्लाइट देऊ केली. मंगळवारी सकाळी माझी ड्यूटी होती आणि व्हिसाचे दिवस तर संपतच होते. मी तिथून हलले नाही. दुसऱ्या कंपनीची सोमवार दुपारची ॲमस्टरडॅममार्गे जागा मागितली आणि अर्ध्या तासाने ती मिळाली. मग तिने माझं ब्रिटनचं निवासकार्ड बघितलं. त्यावर मुदत 31 डिसेंबर 2024. इथे राहणाऱ्यांना माहीत आहे, ती सगळी कार्डं त्याच तारखेला संपणारी छापली होती आणि आता नोंद ऑनलाइन असते. तिला माहीत नव्हतं. ती ऑनलाइन नोंद बघण्याचा शेअर कोड काढून दाखवला, तिने कुठेतरी फोन केला, तेव्हा बोर्डिंग पास हातात आले.

पुढे मुख्य प्रश्न. बाहेर पडल्याचा शिक्का बसला होता आणि आता परत आत यायचं होतं. खिडकीतल्या अधिकाऱ्याने त्या शिक्क्याच्या कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा मारून तो रद्द केला. मी त्याला 03 हा आकडा दाखवला आणि उद्याचं काय ते लिहून द्या म्हटलं. तो सौजन्याने म्हणाला, फ्लाइट रद्द झालीय ना, काही अडचण येणार नाही. लिहून मात्र काही दिलं नाही. कंपनीने हॉटेलचं व्हाउचर दिलं. खोलीत पोचलो तेव्हा बारा वाजून गेले होते आणि माझा चौथा दिवस सुरू झाला होता.

सोमवारी ॲमस्टरडॅमच्या विमानतळावर बाहेर पडताना अधिकाऱ्याने व्हिसा बघितला, बोटांवर दिवस मोजले आणि विचारलं, चार कसे झाले? मी रद्द झाल्याची ईमेल आणि व्हाउचर पुढे केलं. त्याने सहकाऱ्याला बोलावलं, दोघं डच भाषेत काहीतरी बोलले आणि 6 जानेवारीचा शिक्का मारून पासपोर्ट परत दिला. दंड नाही, नोंद केल्याचं काही सांगितलं नाही. रूममेट केव्हाच पलीकडे जाऊन माझी वाट बघत उभी होती.

आता अर्जासोबत हे मी स्वतःहून सांगावं का? सांगायचं तर कोणते कागद लावू? हा जादा मुक्काम धरला जाईल का? आणि दुसरं, विमान कंपनीने भरपाई नाकारली आहे, कारण 'हवामान' लिहिलंय. हॉटेलचं त्यांनी दिलं, जेवण आणि टॅक्सी आमच्या पदरची. पैशांपेक्षा मला व्हिएन्नाची जास्त काळजी आहे, पण दोन्हींबद्दल सांगा.

---

लक्ष्मीरोड ते फ्रँकफर्ट

ताई, सविस्तर लिहिलंत हे फार चांगलं केलंत. पुण्यात अनेक वर्षं व्हिसाच्या फायली तयार करण्यातच गेली आणि आता मुलाकडे फ्रँकफर्टला असतो, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

पहिली गोष्ट, तुमच्या हातात सगळ्यात भक्कम पुरावा कुठला आहे ते ओळखा. ईमेल नंतर, व्हाउचर नंतर. दोन रेघा मारलेला तो 5 जानेवारीचा शिक्का, तो तुमचा पुरावा. तुम्ही मुदतीत, स्वतःच्या पायांनी सीमा ओलांडून गेला होतात आणि चेक सरकारच्याच अधिकाऱ्याने तुम्हाला परत आत घेतलं, हे तो शिक्का सांगतो. ईमेल कोणीही छापून आणू शकतं, हा शिक्का नाही. अर्जासोबतच्या पत्रात पहिल्या परिच्छेदात त्याचाच उल्लेख करा, पासपोर्टच्या पानाच्या नंबरासकट. त्या पानाची रंगीत झेरॉक्स लावा. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये त्या रेघा नीट उठत नाहीत.

दुसरं, व्हिसावरची वैधता आणि मुक्कामाचे दिवस या दोन निराळ्या गोष्टी आहेत. 20 जानेवारीपर्यंतची तारीख बघून पुष्कळ लोक निर्धास्त राहतात. शेंगेनच्या नियमात प्रवासाच्या तारखांना 15 दिवसांची सवलत जोडतात, तुमची 5 तारखेची 20 तारीख झाली ती त्यामुळे. पण त्या सवलतीने तुम्ही प्रवास पुढे-मागे सरकवू शकता, राहायचे दिवस वाढत नाहीत. आल्याचा दिवस मोजतात आणि गेल्याचाही. तेव्हा तुमचा सोमवार हा चौथा दिवस होता हे खरंच आहे, आणि पत्रात ते सरळ तसंच लिहा. 'वैधता 20 पर्यंत होती' असा युक्तिवाद करू नका. समोरच्याला नियम पाठ असतो, तो वाचून उलट शंका घेईल.

आता नियम तुमच्या बाजूने काय म्हणतो ते. शेंगेनच्या व्हिसा संहितेचं कलम 33 असं आहे की आवाक्याबाहेरच्या कारणाने माणूस मुदतीत बाहेर पडू शकला नाही आणि त्याने तसं सिद्ध केलं, तर मुदत वाढवून द्यायची, आणि तीही फुकट. 'देता येईल' असं त्या पोटकलमात नाही, 'द्यायची' असं आहे. तुम्ही रविवारी रात्री त्या अधिकाऱ्याकडे लिहून मागितलंत ते हेच होतं. त्याने दिलं नाही म्हणून तुमचा हक्क मुळात नव्हता असं होत नाही. पत्रात एक वाक्य घाला की मी त्याच वेळी सीमेवरच्या अधिकाऱ्याला मुदतीबद्दल विचारलं होतं, आणि वेळ लिहा, अंदाजे का होईना.

स्वतःहून सांगावं का? सांगावंच. अर्जाच्या नमुन्यात 'कधी जादा राहिलात का' असा रकाना नाही, म्हणून लोक गप्प बसतात. पण पूर्वीचा मुक्काम मर्यादेत होता का हे तपासणं वकिलातीवर नियमानेच बंधनकारक आहे. शिक्के पासपोर्टात समोरच आहेत. त्यांनी स्वतः मोजून चार काढले आणि तुमच्या फायलीत त्याबद्दल एक अक्षर नसलं, तर वाईट दिसतं. तेच तुम्ही आधी सांगितलंत आणि कागद जोडलेत, तर तो प्रश्न तिथेच मिटण्याची शक्यता बरीच वाढते. व्हिसा मिळेलच असं मी सांगू शकत नाही, तसं सांगणाऱ्यावर कोणावरही विश्वास ठेवू नका.

कागद कोणते? मूळ परतीचं तिकीट, रविवारचा बोर्डिंग पास असेल तर तो, रद्द झाल्याची ईमेल, सोमवारचे दोन्ही बोर्डिंग पास, हॉटेलचं व्हाउचर, आणि कंपनीकडून फ्लाइट नंबर, तारीख आणि रद्द झाल्याचं कारण लिहिलेलं पत्र. हे पत्र मागितलं तर बहुतेक कंपन्या देतात, त्यांच्या वेबसाइटवर त्यासाठी फॉर्म असतो. मंगळवारी तुम्ही कामावर हजर होतात ना? मग रुग्णालयाच्या ड्यूटी यादीची प्रत लावा. तुम्हाला राहायचं नव्हतं, परत जायचं होतं, हे त्यातून दिसतं. आणि रूममेटच्या पासपोर्टावरही तसाच रद्द केलेला शिक्का असणार. तिने परवानगी दिली तर त्या एका पानाची प्रत लावा. एकाच रात्री दोघींबाबत तेच घडलं हे बघणाऱ्याला चटकन कळतं.

व्हिएन्नाच्या अर्जात परिषदेच्या दिवसांच्या पुढे-मागे एखाद-दोन दिवस जास्त मागा आणि हॉटेल व प्रवासविमा त्याच तारखांचा घ्या. विम्याची किमान रक्कम 30,000 युरो लागते, ती तुम्हाला ठाऊक असेलच. प्रागच्या वेळी तुमचा विमाही बहुधा 5 तारखेलाच संपला असेल. त्या सोमवारी तुम्ही आजारी पडला असतात तर काय, याचा विचार करून माझ्या पोटात गोळा येतो. जास्त दिवस मागण्यात काही गैर नाही, फक्त कारण लिहा आणि तारखा सगळीकडे सारख्या ठेवा.

---

पाव किलो पेढे

कशाला एवढं? माझ्या भावाचा इटलीत एक दिवस जास्त झाला होता, संपामुळे. पुढच्या व्हिसाला त्याने काही लिहिलं नाही, मिळाला. इतकं बारीक कोणी बघत नाही. पत्र लिहून उगाच लक्ष कशाला वेधून घ्यायचं?

---

लक्ष्मीरोड ते फ्रँकफर्ट

भावाला मिळाला याचा आनंद आहे, पण या सल्ल्याला माझा ठाम विरोध आहे. शिक्के पुसट उठायचे, पानं उलटसुलट मारलेली असायची, मोजणाऱ्याचाही कंटाळा असायचा, तो काळ संपत आलाय. 12 ऑक्टोबर 2025 पासून शेंगेनच्या सीमांवर टप्प्याटप्प्याने संगणकी नोंद सुरू झाली आहे. बोटांचे ठसे, चेहऱ्याचा फोटो, आल्या-गेल्याची तारीख, सगळं त्यात जातं आणि दिवस यंत्र मोजतं. तिथे जादा दिवस आपोआप दिसणार. म्हणूनच इथून पुढे ज्याची फ्लाइट शेवटच्या दिवशी रद्द होईल त्याने सीमेवर उभं राहून मुदतवाढीची नोंद मागावी, 'काही होत नाही' यावर परत फिरू नये. ताईंनी मागितली होती, हे मी पुन्हा सांगतो, आणि ती मागणीच त्यांच्या उपयोगी पडणार आहे.

---

धावपट्टी सत्तावीस

भरपाईचं मी सांगतो. लंडनजवळच्या एका विमानतळावर फ्लाइटच्या नियोजनात काम करतो, वैमानिकांच्या वेळा जुळवणं हे रोजचंच काम.

फ्लाइट प्रागहून सुटणार होती, म्हणजे कंपनी कुठलीही असो, युरोपचा 261/2004 हा नियम लागू. प्राग-मँचेस्टर अंतर 1500 किलोमीटरच्या आत येतं, म्हणून माणशी 250 युरो. 1500 ते 3500 ला 400 असतात. ब्रिटनच्या आपल्या नियमातही याच अंतराला 220 पौंड आहेत, पण दोन्हीकडून घेता येत नाही.

आता 'हवामान'. बर्फ हे कंपनीच्या आवाक्याबाहेरचं कारण, यात वाद नाही. सकाळच्या धावपट्ट्या बंद असताना ज्यांची फ्लाइट गेली त्यांना भरपाई मिळणं अवघड आहे. पण तुमची फ्लाइट रात्रीची. मँचेस्टर केव्हाच सुरू झालं होतं, विमान प्रागला येऊन उभं होतं आणि रद्द करण्याचं कारण त्यांनी स्वतः लाउडस्पीकरवर सांगितलं, वैमानिकांचे तास संपले. हे सगळं तुमच्या तक्रारीत जसंच्या तसं यायला हवं.

वैमानिकांचे तास म्हणजे काय ते थोडं सांगतो, कारण या गोष्टीवर लोक चिडतात आणि वैमानिकांनाच बोलतात. ड्यूटीवर हजर झाल्यापासून साधारण 13 तासांची कमाल मर्यादा असते. पहाटे हजर झालं किंवा दिवसात जास्त फेऱ्या असल्या की ती कमी होते. अनपेक्षित अडचण आली तर कॅप्टन स्वतःच्या निर्णयाने ती दोन तासांपर्यंत वाढवू शकतो, पण आपण थकलो आहोत असं त्याला वाटलं तर त्याने नाही म्हणायलाच पाहिजे, आणि कंपनीला त्याच्यावर दबाव आणता येत नाही. त्या रात्रीच्या कॅप्टनने योग्यच केलं असणार. तुम्हा सगळ्यांच्या जिवासाठीच तो नियम आहे.

प्रश्न कॅप्टनचा नाही, कंपनीचा आहे. सकाळी बर्फाने वेळापत्रक कोलमडलं हे नऊ-दहा वाजताच कळलं होतं. रात्रीच्या फ्लाइटसाठी राखीव वैमानिक ठेवायला, किंवा दुसऱ्या विमानाची व्यवस्था करायला त्यांच्याकडे अख्खा दिवस होता. नियमात नुसतं 'असाधारण कारण' पुरत नाही, शक्य ते सगळं करूनही रद्द करणं टळलं नसतं हेही दाखवावं लागतं, आणि ते दाखवायची जबाबदारी कंपनीची. याच विमानाच्या आधीच्या फेरीवर झालेला परिणाम कंपनी पुढे करू शकते, 2020 मध्ये युरोपच्या न्यायालयाने तसं मान्य केलंय, पण त्याच निकालात थेट कारणसंबंध हवा असंही म्हटलंय. तेव्हा त्यांना पुन्हा लिहा. विचारा, आमच्या फ्लाइटच्या वेळी कोणतं हवामान आड आलं? राखीव वैमानिक होते का? नसतील तर का? एका शब्दाच्या उत्तरावर गप्प बसू नका. आठ आठवड्यांत समाधान झालं नाही तर तंटानिवारण संस्थेकडे जाता येतं, कंपनी तिची सदस्य असेल तर, नाहीतर छोट्या दाव्यांच्या न्यायालयात. इंग्लंडमध्ये सहा वर्षांची मुदत आहे, घाई नाही. भरपाई मिळेलच असं नाही, पण तुमची बाजू लढवण्याजोगी आहे.

जेवण आणि टॅक्सीचं मात्र वेगळं आहे आणि तिथे मला शंकाच नाही. खाणंपिणं, हॉटेल, विमानतळ ते हॉटेल जाणं-येणं हे कारण काहीही असलं तरी कंपनीने द्यायचं असतं. 2010 मध्ये आइसलँडच्या ज्वालामुखीच्या राखेने अर्ध्या युरोपचं आकाश बंद पडलं होतं. त्यातल्या एका प्रवाशाच्या खटल्यात 2013 साली न्यायालयाने सांगितलं की तशा वेळीसुद्धा प्रवाशांची सोय करणं कंपनीला चुकत नाही. पावत्या असतील तर आजच पाठवा. भरपाईच्या अर्जात मिसळू नका, वेगळा पाठवा. एकात घातलं की 'हवामान' म्हणून दोन्ही एकदम नाकारतात, हे मी रोज बघतो.

---

कोथरूड डेपो

भारतात राहून अर्ज करणाऱ्यांसाठी थोडी भर. एप्रिल 2024 पासून भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी सोय झाली आहे. आधीच्या तीन वर्षांत दोन शेंगेन मिळाले आणि ते नियमाप्रमाणे वापरले, तर दोन वर्षांचा, अनेक वेळा ये-जा करता येणारा व्हिसा मिळू शकतो, पुढे पाच वर्षांचाही. 'नियमाप्रमाणे वापरले' ही त्यातली अट. ताई ब्रिटनमध्ये असल्याने त्यांना ही सोय तशी लागू नाही, पण इथे वाचणाऱ्या बऱ्याच जणांना आहे. त्यामुळे एका दिवसाचा हिशोबही कागदावर स्वच्छ ठेवणं आपल्याच फायद्याचं.

आणि इथून परदेशी वीकेंडला जाणाऱ्यांनी एक लक्षात घ्या. मुंबईहून निघताना उशीर झाला तर आपल्याकडच्या नियमात युरोपसारखी रोख भरपाई नाही. उशीर ठरावीक तासांपलीकडे गेला की खाणंपिणं, आणि रात्री 8 ते पहाटे 3 दरम्यानच्या फ्लाइटला सहा तासांहून जास्त उशीर झाला तर हॉटेल. प्रत्यक्ष झालेलं नुकसान मात्र मॉन्ट्रियल करारानुसार मागता येतं. भारत 2009 पासून त्यात आहे आणि दावा दोन वर्षांत लावावा लागतो. पुढचं हॉटेल बुडालं, तिकीट बुडालं, तर त्याच्या पावत्या जपा.

---

तंबोरा

सगळ्यांचे मनापासून आभार. लक्ष्मीरोडकाका, तो रद्द केलेला शिक्का मी आत्तापर्यंत डाग समजत होते. दोन रेघा बघून कोणी शंका घेईल अशी भीती होती. आता त्याच पानापासून पत्र सुरू केलंय. रूममेटने लगेच तिच्या पानाचा फोटो पाठवला. तिच्याही शिक्क्यावर तशाच रेघा आहेत, शिक्का त्याच खिडकीचा, तोच नंबर. विभागप्रमुखांनी मंगळवारच्या ड्यूटीचं पत्र द्यायचं कबूल केलंय. विम्याबद्दल काका म्हणाले ते खरं आहे, तो रविवारी मध्यरात्रीच संपला होता. या वेळी दोन दिवस पुढचा घेतला.

पाव किलो पेढे, तुमच्या भावाचं चांगलं झालं, पण मला न सांगता राहणं जमणार नाही. काउंटरवर त्या रात्री चार माणसांपैकी दोघांना एक रस्ता आणि दोघींना दुसरा मिळाला, तेव्हा दादांना इतकं वाईट वाटलं की ते डब्लिनचं तिकीट परत करायला निघाले होते. आम्हीच त्यांना पाठवलं. आपला पासपोर्ट असा आहे की आपल्याला कागद चोख ठेवावे लागतात, आणि ते मी ठेवीन.

जेवण-टॅक्सीचा अर्ज काल वेगळा पाठवला. धावपट्टीदादा, एक राहिलं. भरपाईसाठी चौघांनी मिळून एक तक्रार करायची की वेगवेगळ्या? बुकिंग एकच होतं, पैसे दादांनी भरले होते. आणि दादा-वहिनी डब्लिनमार्गे सोमवारी सकाळीच पोचले, मग त्यांचा हक्क उरतो का?

---

धावपट्टी सत्तावीस

हक्क प्रत्येक प्रवाशाचा स्वतंत्र, पैसे कोणीही भरलेले असोत. बुकिंग एकच असल्याने एका तक्रारीत चौघांची नावं घालून पाठवलं तरी चालतं, फक्त रक्कम माणशी मागा आणि प्रत्येकाची संमती जोडा. दादा-वहिनींचाही पूर्ण हक्क आहे. तुमच्या अंतराच्या फ्लाइटला बदली प्रवासाने दोन तासांच्या आत पोचवलं तर रक्कम निम्मी होते, ते तर रात्र उलटून पोचले. त्यांना म्हणावं, डब्लिनचे दोन्ही बोर्डिंग पास शोधून ठेवा. कंपनी पहिली गोष्ट तीच मागेल.